देवमासे आणि डॉल्फिन : पोहणे, बुडी आणि शक्तीचा हिशोब



तिरुवैयारु या नावातच पाणी आहे. तमिळमध्ये 'ऐ' म्हणजे पाच आणि 'आरु' म्हणजे नदी. पाच नद्यांचे पवित्र गाव ते तिरुवैयारु. कावेरीकाठच्या या गावातून समुद्र दिसत नाही. पण कावेरी पुढे पूम्पुहारजवळ बंगालच्या उपसागराला मिळते आणि तंजावर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला पाल्कच्या उपसागराचा स्वतःचा किनारा आहे. याच किनाऱ्यावर तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८१४ मध्ये नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाची आठवण म्हणून बुरूज बांधला. त्याचे नाव आजही आपल्याच भाषेतले आहे : मनोरा.

मनोऱ्यासमोरच्या पाण्यात आणि त्यापलीकडच्या खोल समुद्रात आपल्यासारखेच फुप्फुसांनी श्वास घेणारे, पिलांना दूध पाजणारे प्राणी राहतात. संस्कृतमधला तिमिंगिल आणि तमिळमधला तिमिंगलम् म्हणजेच आपला देवमासा. त्याच्या नावात मासा असला, तरी तो मासा नाही. पाण्यात राहून हवेवर जगणे ही मोठी कसरत आहे. ती तो कशी साधतो, हे आज पाहू.

शेपटी आडवी का?

माशाची शेपटी उभी असते आणि तो ती डावीउजवीकडे हलवतो. देवमासा आणि डॉल्फिन यांच्या शेपटीची पाती आडवी असतात आणि ती वरखाली हलतात. याचे कारण त्यांच्या पूर्वजांत आहे. ते चार पायांचे, जमिनीवर राहणारे सस्तन प्राणी होते. धावणाऱ्या कुत्र्याकडे किंवा घोड्याकडे पाहा. त्याचा कणा वरखाली वाकतो. तीच हालचाल देवमाशांनी पाण्यात नेली. पुढचे पाय वल्ह्यांसारखे झाले, मागचे पाय नाहीसे झाले आणि सगळा जोर शेपटीत आला.

ही कथा आपल्याच भूमीवर घडली, हे किती जणांना ठाऊक असते? गुजरातमधील कच्छमध्ये प्राचीन देवमाशांचे जीवाश्म सापडले आहेत. जम्मू भागातील कालाकोटच्या खडकांतून 'इंडोहायस' या मांजराएवढ्या, खुरे असलेल्या प्राण्याचे अवशेष मिळाले. तो देवमाशांच्या पूर्वजांचा जवळचा नातलग होता, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले. तो सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा आहे.

पाण्याचा रोध

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. म्हणून पाण्यात पुढे सरकताना खूप रोध होतो. नियम सोपा आहे. वेग दुप्पट केला की रोध चौपट होतो. तेवढेच अंतर निम्म्या वेळात कापायचे असल्याने दर सेकंदाला लागणारी शक्ती मात्र आठपट होते. तरणतलावात घाई करणारा छात्र लवकर का दमतो, याचे उत्तर इथे आहे.

म्हणून डॉल्फिनचे शरीर पुढे भरीव आणि मागे निमुळते असते. बाहेर कान नाहीत, केस नाहीत, पाण्याला अडवील असे काही नाही. पाणबुडीचा आकारही याच तत्त्वावर घडवलेला असतो.

मग सर्वांत हळू पोहणे सर्वांत स्वस्त पडते का? नाही. शरीर उबदार ठेवायला आणि हृदय चालू ठेवायला दर मिनिटाला काही शक्ती लागतेच. फार हळू गेले तर वाटेतच हा रोजचा खर्च वाढत जातो. फार वेगाने गेले तर रोधाचा खर्च वाढतो. दोहोंच्या मध्ये एक काटकसरीचा वेग असतो. प्रशिक्षित बॉटलनोज डॉल्फिनांवरील प्रयोगांत तो सेकंदाला सुमारे २.१ मीटर निघाला. या वेगाने तिरुवैयारु ते तंजावर हे १३ किलोमीटर अंतर कापायला डॉल्फिनला साधारण पावणेदोन तास लागतील.

ग्रे यांचे कोडे

१९३६ मध्ये जेम्स ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने एक हिशोब मांडला. हिंदी महासागरात एक डॉल्फिन जहाजाच्या बाजूने ७ सेकंदांत पुढे निघून गेल्याची नोंद त्यांच्याकडे होती. जहाजाचा वेग धरून डॉल्फिनचा वेग सुमारे २० नॉट, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १० मीटर भरत होता. ग्रे यांनी रोध काढला, लागणारी शक्ती काढली आणि ती स्नायूंच्या शक्तीशी ताडून पाहिली. डॉल्फिनचे स्नायू सातपट कमी पडत होते! मग डॉल्फिनच्या कातडीत रोध घटवण्याची काही खुबी असावी, असा तर्क झाला आणि पुढे कित्येक वर्षे तिचा शोध चालला.

चूक कुठे होती? ग्रे यांनी स्नायूंच्या शक्तीचा आकडा बराच वेळ चालणाऱ्या श्रमावरून घेतला होता, आणि डॉल्फिनची नोंद होती ७ सेकंदांची. १०० मीटरची धाव आणि क्रॉस-कंट्री यांत एकच धावपटू सारखीच शक्ती लावत नाही, हे तुम्हाला मैदानावर रोज दिसते. थोड्या वेळासाठी स्नायू कितीतरी अधिक शक्ती देतात. पुढे २००८ मध्ये पाण्यातील बारीक बुडबुड्यांचे चित्रण करून डॉल्फिनच्या शेपटीचा जोर मोजला गेला. नेहमीच्या पोहण्यात तो सुमारे ९० किलो वजनाइतका होता आणि जोराच्या फटक्यात त्याहून बराच जास्त. कोडे सुटले : गुपित कातडीत नव्हते, शेपटीच्या स्नायूंत होते. गणित बरोबर असूनही घेतलेला आकडा चुकीच्या प्रसंगाचा असेल, तर उत्तर चुकते, हा धडा विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा.

शक्ती वाचवण्याच्या युक्त्या

डॉल्फिन जहाजाच्या पुढच्या लाटेवर स्वार होतात. कोकणात किंवा गोव्यात होडीतून फिरणाऱ्यांनी हे पाहिले असेल. तो खेळ तर आहेच, पण बचतही आहे. प्रयोगात लाटेवर स्वार झालेला डॉल्फिन सेकंदाला ३.८ मीटर वेगाने जात होता आणि त्याचे श्रम २.१ मीटरच्या वेगाने स्वतः पोहताना होतात साधारण तेवढेच होते. वेगाने जाताना ते मधूनमधून पाण्याबाहेर उड्या घेतात, कारण हवेत रोध फार कमी असतो आणि त्याच उडीत श्वासही घेता येतो. लहान पिलू आईच्या कुशीला लागून पोहते. आईच्या अंगाभोवतीचा प्रवाहच त्याला पुढे ओढून नेतो.

बुडी : हवा नेमकी कुठे साठवायची?

खोलीची कल्पना येण्यासाठी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचे विमान डोळ्यांसमोर आणा. ते सुमारे ६६ मीटर उंच आहे. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे विमानाच्या उंचीइतके खोल गेल्यावर दाब साडेसातपटीच्या पुढे जातो आणि फुप्फुसातील हवा आठव्या हिश्श्याजवळ येते. क्यूव्हिए यांच्या नावाने ओळखला जाणारा चोच-देवमासा २,९९२ मीटर खोल गेल्याची नोंद आहे. एकावर एक अशी ४५ विमाने रचली, तर एवढी खोली होईल! याच जातीच्या एका देवमाशाने २२२ मिनिटे, म्हणजे ३ तास ४२ मिनिटे श्वास न घेता काढली आहेत.

हे जमते, कारण तो प्राणवायू मुख्यतः फुप्फुसांत साठवतच नाही. त्याचा साठा रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये आणि स्नायूंतील मायोग्लोबिनमध्ये असतो. खोल बुडणाऱ्या देवमाशांच्या स्नायूंत जमिनीवरील प्राण्यांच्या दहापट किंवा अधिक मायोग्लोबिन असते. त्यामुळे त्यांचे मांस काळपट दिसते. फुप्फुसे दाबाखाली मिटतात आणि त्यांतील हवा रक्तात शिरत नाही. वर येताना पाणबुड्याला होणारा नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा त्रास त्यामुळे बराच टळतो.

फुप्फुसे मिटण्याचा आणखी एक लाभ आहे. हवा आक्रसली की शरीराचे आकारमान घटते आणि आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे पाण्याचा वर ढकलणारा जोरही घटतो. साधारण ७०–८० मीटरनंतर प्राणी आपोआप खाली जाऊ लागतो. मग तो शेपटी हलवणे थांबवतो आणि नुसता घसरत उतरतो. वाचलेला प्राणवायू तळाशी शिकारीला आणि परत वर येण्याला उपयोगी पडतो.

हृदयही या काटकसरीत सामील असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ निळ्या देवमाशाच्या हृदयाचे ठोके प्रथमच मोजले गेले. बुडीत ते मिनिटाला ४ ते ८ आणि कधी अवघे २ इतके कमी होते. वर येऊन श्वास घेताना २५ ते ३७ पर्यंत चढले. रक्त आधी मेंदू आणि हृदय यांना मिळते, बाकीचे अवयव वाट पाहतात. पाण्यावर आल्यावर मात्र वेळ दवडायचा नाही. आपण शांत श्वासात फुप्फुसांतील १० ते १५ टक्के हवा बदलतो. डॉल्फिन एका श्वासात ८० टक्क्यांपर्यंत बदलतो.

मनोऱ्यासमोरची समुद्रगाय

पाल्कचा उपसागर उथळ आहे; बहुतेक ठिकाणी १५ मीटरही खोल नाही. तिथे खोल बुडीची गरजच नसते. तिथला रहिवासी आहे डुगाँग, तमिळमध्ये 'कडल पसु', म्हणजे समुद्रगाय. त्याची शेपटी डॉल्फिनसारखी आडवी असली, तरी त्याचे नाते हत्तीशी जवळचे आहे. तो समुद्रगवत चरतो, हळू पोहतो आणि काही मिनिटांनी श्वासाला वर येतो. गवतातून मिळणारी शक्ती बेताची, म्हणून खर्चही बेताचा.

सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांलगतच्या ४४८ चौरस किलोमीटर समुद्राला देशातील पहिले डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. जाळ्यात अडकलेला डुगाँग काही मिनिटांत गुदमरून मरतो, कारण त्याला वर येता येत नाही. म्हणून इथल्या मच्छीमारांचे सहकार्य मोलाचे आहे. जाळे कापून डुगाँगला सोडून देणाऱ्यांचा वन विभागाने गौरवही केला आहे.

किनाऱ्यावर देवमासा दिसला तर

जानेवारी २०१६ मध्ये तूत्तुक्कुडी जिल्ह्यात तिरुच्चेंदूर ते मणप्पाड या किनाऱ्यावर ८० हून अधिक पायलट देवमासे वाळूत अडकले. मच्छीमारांनी अनेकांना आत ढकलले, पण त्यांतील काही पुन्हा किनाऱ्याकडे आले, आणि बरेच मेले. हे प्राणी कळप सोडत नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळ्याला देवमाशाचे एक पिलू अडकले. बऱ्याच प्रयत्नांनंतर त्याला खोल समुद्रात नेण्यात आले. पण ते जगले नाही.

हवेत श्वास घेणारा प्राणी किनाऱ्यावर का मरतो? पाण्यात त्याचे वजन पाणी तोलून धरते. वाळूवर तेच वजन फुप्फुसांवर आणि स्नायूंवर पडते. थंड पाण्यासाठी असलेला चरबीचा जाड थर उन्हात उष्णता कोंडून ठेवतो. चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरतात. म्हणून पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा :

१. लगेच वन विभागाला आणि पोलिसांना कळवा. हे प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत.
२. अंगावर ओले कापड घाला, पाणी शिंपडा, सावली करा. डोक्यावरचे श्वासरंध्र मात्र उघडे ठेवा. त्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका.
३. शेपटीला दोर बांधून ओढू नका. शेपटी हेच त्याचे इंजिन आहे, आणि तिच्या फटक्याने माणसाचे प्राणही जाऊ शकतात.
४. गर्दी मागे हटवा, शांतता राखा. शिस्तीचे शिक्षण घेतलेल्या छात्राला हे काम सर्वांत चांगले जमेल.

आपल्यासाठी एक इशारा

देवमाशाची नक्कल तरणतलावात करू नका. बुडीआधी भराभर खोल श्वास घेतल्याने प्राणवायू फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. श्वास घेण्याची ओढ याच वायूमुळे लागते. ती ओढ उशिरा लागली, तर पोहणारा कोणतीही सूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध होतो. चांगले पोहणारेही असे बुडाले आहेत. श्वास रोखण्याच्या पैजा लावू नका आणि निदेशकांच्या देखरेखीशिवाय बुडीचा सराव करू नका. देवमाशाला ही विद्या लाखो पिढ्यांनी दिली आहे. आपल्याला ती एका सुट्टीत मिळणार नाही.

स्वाध्याय

१. डॉल्फिनने वेग सेकंदाला २.१ वरून ४.२ मीटर केला, तर पाण्याचा रोध किती पट होईल? दर सेकंदाची शक्ती किती पट लागेल?
२. ६६ मीटर खोलीवर एकूण दाब किती वातावरणे असेल? ६ लिटर हवेचे तिथे किती लिटर होतील?
३. करून पाहा : निदेशकांसमोर बसून नाडीचे ठोके मोजा. मग थंड पाण्याच्या घमेल्यात १५ सेकंद चेहरा बुडवा आणि सोबत्याला ठोके मोजायला सांगा. ठोके मंदावले का? देवमाशाच्या हृदयातील गुणाचा छोटासा अंश आपल्यातही आहे, हे तुम्हाला स्वतःच्या मनगटावर कळेल.