भाकरी, मापटे आणि चिंचोके : घरच्या घरी अपूर्णांक

१/४ मोठा की १/३, असे विचारले की पुष्कळ मुले बेधडक १/४ सांगतात. चार हा तीनपेक्षा मोठा, मग १/४ सुद्धा मोठा, असा त्यांचा हिशेब. मूल ढ आहे म्हणून असे होत नाही. हाताने वाटणी करण्याआधीच त्याच्यासमोर आकडे येऊन पडलेले असतात, म्हणून होते. ही वाटणी घरी करता येते. कर्जत-खालापूरकडच्या घरात तर त्यासाठी लागणारे सगळे आधीपासून आहे : तांदळाची भाकरी, भात मोजायची मापे, चिंचेखाली पडलेले चिंचोके.

पुढचे खेळ साधारण पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटे पुरेत. प्रत्येक खेळात दोन प्रश्न मात्र विसरू नका : “कशाचा भाग?” आणि “भाग सारखे आहेत का?” अपूर्णांकाचा सगळा पाया या दोन प्रश्नांत आहे.

साहित्य

ताज्या भाकऱ्या (त्यांत एक लहान), शेर, मापटे आणि चिपटे ही मापे (नसल्यास एक मोठा डबा आणि तो बरोबर चार वेळा ओतून भरेल अशी वाटी), दोन-तीन शेर तांदूळ किंवा भात, दोन चिंचोके, बारा बिया, प्रत्येक खेळाडूला बारा खडे, जुने वर्तमानपत्र, खडू आणि दोरी.

घरात रांगते बाळ असेल तर चिंचोके आणि बिया खेळ संपताच उचलून ठेवा. बाळ त्या तोंडात घालते.

कृती १ : भाकरीची वाटणी

तव्यावरून उतरलेली भाकरी जरा निवू द्या. ती मऊ असतानाच मधोमध घडी घाला. घडी उलगडली की भाकरीवर रेघ उमटलेली दिसते. त्या रेघेवर मुलाला तोडू द्या. दोन भाग एकमेकांवर ठेवायला सांगा. कडा जुळल्या तर अर्धी-अर्धी झाली. एक भाग बाहेर डोकावला तर दोन तुकडे झाले, पण अर्धी झाली नाही. हा फरक मुलाला स्वतः पाहू द्या, तुम्ही सांगू नका.

दोन भावंडे असतील तर एकाने तोडायची, दुसऱ्याने आधी उचलायची. तोडणारा आपोआप काळजीने तोडतो.

मग अर्ध्याची पुन्हा घडी घालून पाव करा. आता एक मोठी भाकरी आणि एक पोराटोरांसाठी केलेली लहान भाकरी शेजारी ठेवा. दोन्हींची अर्धी काढून विचारा, “दोन्ही अर्ध्या, मग एक मोठी कशी?” “ती मोठ्या भाकरीची अर्धी आहे,” हे उत्तर मुलाच्या तोंडून आले की पहिला टप्पा पार पडला.

कृती २ : मापांचा खेळ

हा भाताचा मुलूख. कर्जतच्या संशोधन केंद्राने काढलेल्या ‘कर्जत ३’, ‘कर्जत ७’ या वाणांची नावे शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. अनेक घरांत जुनी मापेही अजून सापडतात. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची पायली. म्हणजे मापटे हा अर्धा शेर आणि चिपटे हा पाव शेर. गावोगावची मापे थोडी वेगळी असतात, म्हणून खेळताना एकाच घरची मापे घ्या.

१. आधी अंदाज विचारा : “किती चिपट्यांनी शेर भरेल?” उत्तर चुकले तरी टोकू नका.

२. मुलाला मोजून ओतू द्या. इथे एक गंमत हमखास होते. मूल चिपटे शिगोशीग भरते आणि शेर चार चिपट्यांच्या आतच सांडू लागतो. तेव्हा पट्टी हातात द्या आणि शीग काढून माप सपाट करायला सांगा. आता बरोबर चार बसतात. भाग सारखे का हवेत, ते सांडलेल्या तांदळातून जितके पटते तितके आपण समजावून पटत नाही.

३. मोजताना मोठ्याने बोला : एक चिपटे पाव शेर, दोन अर्धा, तीन पाऊण, चार म्हणजे शेर. थांबू नका. पाच म्हणजे सव्वा, सहा दीड, सात पावणेदोन. अपूर्णांक एकापेक्षा मोठाही असतो, हे मुलाला इथेच कळते.

कृती ३ : चिंचोक्यांचा डाव

दोन चिंचोके फोडून चार डाळिंब्या करा. एक बाजू पांढरी, एक काळी. प्रत्येक खेळाडूने जमिनीवर खडूने तीन गोल भाकऱ्या काढायच्या आणि प्रत्येकीचे चार सारखे भाग करायचे.

चारही डाळिंब्या एकदम टाकायच्या. जितक्या पांढऱ्या तितके पाव. तितक्या घरांत खडे ठेवायचे. सगळ्या काळ्या पडल्या तर डाव गेला. खडे ठेवल्यावर एकूण किती झाले ते मोठ्याने सांगायचे : “पाऊण होती, अर्धी आली, सव्वा झाली.” सांगता आले नाही तर खडे परत.

तिन्ही भाकऱ्या नेमक्या भरायच्या. अडीच भरल्यावर तीन पांढऱ्या पडल्या तर उपयोग नाही, थांबावे लागते. “मला आता अर्धीच पाहिजे,” असे मूल म्हणू लागले की बेरीज-वजाबाकी सुरू झाली असे समजा.

कृती ४ : बारा बियांचे वाटे

बारा बिया घ्या, उन्हाळ्यात करवंदे घ्या. बाराचे दोन, तीन, चार आणि सहा सारखे वाटे होतात, म्हणून हीच संख्या बरी. अर्धी किती? सहा. तिसरा हिस्सा? चार. पाव? तीन. मग आठ बिया घेऊन पाव विचारा. दोन येतात. पाव तोच, पण संपूर्ण बदलले की संख्या बदलते.

कृती ५ : गाडीची रेघ

दोरी अंगणात ताणा. एक टोक नेरळ, दुसरे माथेरान. १९०७ साली सुरू झालेल्या या छोट्या गाडीच्या वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही तीन स्थानके आहेत, म्हणजे टप्पे चार. दोरीची दोनदा घडी घालून सारख्या अंतरावर खुणा करा. जुम्मापट्टी पाव, वॉटर पाइप अर्धी, अमन लॉज पाऊण वाट. मुलाला गाडी होऊन धावू द्या : “अर्ध्यावर थांब! पाव मागे ये!”

मग खरी गोष्ट सांगा. प्रत्यक्षात अमन लॉज माथेरानच्या अगदी जवळ आहे. म्हणजे तिथे चारांतले तीन टप्पे झाले, पण वाट मात्र पाऊणपेक्षा बरीच जास्त संपली. का? टप्पे सारखे नाहीत म्हणून.

खालापूरकडच्या मुलांनी कर्जत-खोपोली घ्यावी. मध्ये पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, म्हणजे पाच टप्पे. पाचव्या हिश्शाची ओळख इथे होते.

कृती ६ : पट्ट्या, आणि मग लिहिणे

वर्तमानपत्राच्या एकाच लांबीच्या पट्ट्या कापा. एकीला दोन, एकीला तीन, एकीला चार, एकीला आठ भागांच्या घड्या घाला आणि एकाखाली एक मांडा. भाग वाढले की तुकडा लहान होतो, हे डोळ्यांना दिसते. आता १/४ आणि १/३ विचारा.

लिहिताना आधी आडवी रेघ, मग खाली छेद : किती सारखे भाग केले. शेवटी वर अंश : त्यातले किती घेतले.

१/२ + १/४ = २/६ असे लिहिले तर खोडू नका. मापटे आणि चिपटे आणा, ओता. पाऊण शेर भरतो. मग आणखी एका पट्टीचे सहा सारखे भाग करून त्यातले दोन दाखवा. ते तर अर्ध्याहूनही कमी आहेत. चूक मूल स्वतःच दुरुस्त करते.

बोर्डीला १९४५ पासून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभे केले, ते बिया, पाने, शिंपले अशा भोवतालच्या साधनांवर. कातकरी-ठाकूर वाड्यांतल्या घरांनाही हीच वाट मोकळी आहे. विकतचे काही लागत नाही. मापाला घरात जो शब्द असेल तोच वापरा.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणायला सांगा. अनेकांना ते अजून पाठ असतील. पण पाठांतर मापांच्या खेळानंतर, आधी नको. आज रात्री भाकरी वाढताना एवढेच करा : ती तुम्ही तोडू नका, मुलाच्या हाती द्या आणि “कशाची अर्धी?” असे विचारा.