बालरुग्णालयाचा नकाशा कोणी काढावा?

तीस वर्षांपूर्वी मी निवासी डॉक्टर होतो. त्या रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागाच्या दारावर ‘मातांना प्रवेश नाही’ अशी पाटी होती. दुपारी अर्धा तास काचेतून बाळ दाखविले जाई. एका रात्री ११०० ग्रॅम वजनाचे एक बाळ दगावले. ते मी आईच्या हाती दिले, तेव्हा तिने त्याला प्रथमच स्पर्श केला. तो नियम मी केलेला नव्हता. परंतु त्यानेच बाळाचे जंतुसंसर्गापासून रक्षण होते, असे मी तिला दोनच दिवस आधी ठामपणे समजावले होते.

आज आमचा न्यास इंदुरात ६० खाटांचे बालरुग्णालय बांधू पाहत आहे आणि इमारत समितीत माझे नाव आहे. त्यानिमित्ताने जे शिकावयास मिळाले, ते व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहे.

प्रथम शास्त्राची बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, भारत, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथे झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. १ ते १.८ किलो वजनाच्या ३२११ बाळांपैकी एका गटाला जन्मानंतर लगेच कांगारू पद्धतीने आईच्या छातीशी ठेवले. दुसऱ्या गटात बाळ स्थिर झाल्यावर. २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण पहिल्या गटात १२.० टक्के, तर दुसऱ्यात १५.७ टक्के आढळले. हा लाभ कोणत्याही नव्या औषधाने झालेला नाही. त्यासाठी अतिदक्षता विभागातच मातांच्या खाटा घालाव्या लागल्या. म्हणजे आईची खाट हा उपचाराचा भाग ठरतो आणि तिची जागा नकाशातच ठरवावी लागते. भिंती उभ्या राहिल्यावर ती काढता येत नाही. शिवाय ती स्वतः बाळंतीण! तिला जवळ शौचालय हवे, तिचा रक्तस्राव तपासावयास प्रसूतितज्ज्ञ तेथे यावयास हवा. आमच्या पहिल्या नकाशात यांपैकी काहीही नव्हते. तो आम्ही पाच डॉक्टरांनी आणि एका वास्तुविशारदाने काढला होता.

कुटुंबांना विचारून रुग्णालय बांधण्याचे एक ठळक उदाहरण म्हणजे लिव्हरपूलचे आल्डर हे बालरुग्णालय. जुनी संस्था १९१४ सालची. उद्यानात उभारलेली नवी इमारत ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू झाली. आराखड्यापूर्वी शेकडो मुलांची मते घेतली गेली आणि एका १५ वर्षांच्या मुलीच्या चित्रातून वास्तुविशारदांना मूळ कल्पना सुचली. मुलांना बाग दिसावयास हवी होती. म्हणून इमारतीचे पंखे बोटांसारखे बागेत पसरले आहेत. हे सारे वाचताना मला मात्र त्या संस्थेचा आधीचा इतिहास आठवत राहिला. मृत बालकांचे अवयव पालकांना न कळविता तेथे राखून ठेवले गेल्याचे २००१ च्या चौकशी अहवालाने उघड केले होते. ज्या घरांचा विश्वास असा तुटला, त्यांच्या गावात पुन्हा नकाशा घेऊन जाणे सोपे गेले असेल असे वाटत नाही.

आम्ही प्रारंभ चुकीचाच केला. तीन मातांना समितीच्या बैठकीस बोलाविले, लांबलचक टेबलापाशी बसविले, चहा दिला आणि निळ्या रेघांचा कागद पुढे केला. तिघीही म्हणाल्या, “सब अच्छा है, साहब.” पांढऱ्या कोटांपुढे आणखी काय म्हणणार? मग आमच्या एका ज्येष्ठ सिस्टरांनी युक्ती सुचविली. गच्चीवर चुन्याच्या फक्कीने खोली खऱ्या मापात आखली, एक खाट, सलाइनचा स्टँड व एक स्टूल ठेवले आणि वॉर्डातल्या बायकांना वर नेले. अलीराजपूरहून आलेली एक आई चुन्याच्या रेषांत उभी राहिली, इकडेतिकडे पाहून म्हणाली, “और मैं कहाँ सोऊँगी?” दुसरीने सलाइन लावलेले मूल कडेवर घेण्याचा अभिनय करीत शौचालयाच्या दारातून स्टँड जात नाही हे दाखविले. तिसरीला ओले कपडे वाळविण्याची दोरी हवी होती. त्या एका सकाळी आम्हाला कळले ते वर्षभराच्या बैठकांत कळले नव्हते.

मुलांपैकी सर्वांत उपयुक्त सल्ला दिला तो सिकलसेलच्या एका ११ वर्षांच्या मुलाने. वातानुकूलन यंत्राचा झोत खाटेच्या डोक्याशी येणार, हे त्यानेच हेरले. थंडीने अंग दुखू लागते, हे तो अनुभवाने जाणतो. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावून विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकतात व वेदनेचा झटका येतो, हे मी पुस्तकातून जाणत होतो. तरीही ती जागा निवडताना मला ते आठवले नाही. झाबुआ-अलीराजपूरकडील मुले आमच्याकडे याच आजाराने वारंवार येतात, हे येथे सांगितले पाहिजे. दर तीन आठवड्यांनी रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या एका मुलीने अट घातली की सुई खाटेवर टोचू नये, दुसऱ्या खोलीत टोचावी. खाट आपली असते. उपचारकक्ष वेगळा असावा हे बालरोगशास्त्रात नवीन नाही, पण जागा वाचविण्यासाठी आम्ही तोच कक्ष वगळला होता. तो आता परत आला आहे. त्यापायी डॉक्टरांची विश्रांतिखोली आक्रसली. त्यावरून समितीत थोडी खडाजंगी झाली, ती असो.

सगळेच मान्य करता आले नाही. वॉर्डातच स्टोव्ह हवा, ही मागणी अनेकींची होती. ऑक्सिजनच्या नळ्यांजवळ ज्योत चालणार नाही, हे समजावून तळमजल्यावर स्वयंपाकाची ओटी देण्याचे ठरले. खाटेपाशी एका वेळी दोनच नातेवाईक, हा नियमही आम्ही सोडला नाही. नकार देताना कारण सांगितले, तेव्हा कोणी रागावले नाही. रागावले ते वडील, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते! रात्री औषध आणावयास धावणारे, फाटकाबाहेर लिंबाखाली चादर अंथरणारे ते हेच. त्यांच्यासाठी झोपण्याची जागा अजून नकाशात नाही. येत्या रविवारी गच्चीवर पुन्हा चुना पडणार आहे. या वेळी त्यांना बोलाविले आहे.