चांगला गडी अचानक कामात ढिला पडला तर...



लागण, बेणे, खते आणि पाणी यांविषयी आम्ही या पानावरून नेहमीच लिहितो. या खेपेस विषय थोडा निराळा आहे, पण उसाच्या उताऱ्याशी त्याचा संबंध तितकाच जवळचा आहे. शेतावर फिरताना पुष्कळ सभासद आम्हाला विचारतात, "साहेब, आमचा गडी इतकी वर्षं घरच्यासारखा राबला. दिवाळीपासून त्याचं कामात ध्यानच नाही. आता काय करावं?" पाडवा जवळ आला की हा प्रश्न जास्त कानावर येतो. साल संपतेच आहे, तर दुसरा गडी बघून टाकावा असे मनात येऊ लागते.

मुळातच कामचुकार असलेला गडी आणि चांगला असून अचानक ढिला पडलेला गडी यांना एका मापाने मोजू नये, असे आमचे सांगणे आहे. दहा वर्षे ज्याने नीट काम केले, त्याचा स्वभाव दोन महिन्यांत बदलत नाही. मागे काहीतरी कारण असते. ते शोधल्याशिवाय केलेला इलाज वाया जातो.

उसाच्या बाबतीत हे आपल्याला चांगले कळते. खोडवा पिवळा दिसला म्हणून जाणता शेतकरी लगेच युरियाचे पोते फोडत नाही. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली असतील, तर नत्र कमी पडले असे तो समजतो. शेंड्याची कोवळी पाने पांढरट-पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. तिथे युरिया ओतून भागत नाही. ऊस वाळून हाताने सहज उपटून येत असेल, तर मुळाशी हुमणी बघायची. माणसाच्या बाबतीत मात्र आपण पान न बघता, मूळ न उकरता "माजलाय" म्हणून मोकळे होतो.

१) चूक कधी आणि कुठे होते, ते लिहून ठेवा

रागाच्या भरात सगळेच काम बिघडल्यासारखे वाटते. म्हणून पंधरा दिवस एका वहीत तारीख, वेळ, कोणते काम आणि काय बिघडले एवढेच टिपावे.

आमच्या गटातील एका सभासदांकडे ११ वर्षे एकच गडी होता. दारे धरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. अलीकडे मात्र पाट फुटू लागले, आणि दोनदा पाणी शेजाऱ्याच्या गव्हात जाऊन भांडण झाले. गडी दारूला लागला अशी सभासदांची खात्री झाली होती आणि पाडव्याला साल द्यायचे नाही असेही ठरले होते. आम्ही त्यांना वही ठेवायला सांगितली. पंधरा दिवसांत ६ नोंदी झाल्या आणि सहाही रात्रीच्या पाळीच्या निघाल्या. दिवसा वैरण, खुरपणी, बांधणी सगळे पहिल्यासारखेच होते. मग त्याला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मालक, दिस मावळला की बॅटरीभोवती नुसतं धुकं दिसतंय. डोळं गेलं म्हणून कळलं, तर साल कोण देणार?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सरकारी दवाखान्यात आधी एका आणि नंतर दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. तेवढे दिवस रात्रीचे पाणी सभासदांच्या मुलाने बघितले. गड्याचा पगार त्यांनी कापला नाही. आज तो पुन्हा दारे धरतो. साल जाईल या भीतीने तो आजार लपवत होता आणि लपवल्यामुळेच त्याचे साल जाणार होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

२) कारणे कोठे शोधावीत

अंगात : दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप आणि वजनात घट असेल तर क्षयाची तपासणी करून घ्यावी. तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. सारखी तहान, सारखी लघवी आणि थकवा असेल तर साखर तपासावी. साचलेल्या पाण्यात, चिखलात अनवाणी काम केल्यावर ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या व डोळे लाल झाले, तर उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टो तापाची शंका घ्यावी व त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कीटकनाशक फवारल्यावर डोके दुखणे, दरदरून घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणे अशी चिन्हे दिसली, तर ती विषबाधा असू शकते. अंगावरचे कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, औषधाचा डबा बरोबर घेऊन ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

झोपेत : शेतीपंपाची वीज रात्रीची असते त्या आठवड्यात गडी पहाटेपर्यंत सरीत उभा असतो. सकाळी सातला त्यालाच वैरणीला धाडले, तर दुपारी तो झाडाखाली पडणारच. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला काम सांगू नये.

घरात : लेकीचे लग्न, पोराचे आजारपण, सावकाराचा तगादा, दारू. यातले बरेचसे त्याच्या बायकोला ठाऊक असते. आपल्या घरातील बायकांनी मायेने चौकशी केली तर लवकर उलगडते.

आपल्या बांधावर : ही जागा आपण सर्वात शेवटी तपासतो. बाप एक सांगतो आणि मुलगा दुसरे, मग गड्याने कोणाचे ऐकायचे? क्षेत्र दोन एकरांवरून चार एकर झाले, पण माणूस एकच राहिला का? ठिबक बसवले, पण व्हॉल्व्ह कोणता कधी फिरवायचा, फिल्टर कसा धुवायचा हे त्याला कोणी उभे राहून दाखवले का? पाटाच्या पाण्यात तरबेज असलेला माणूस नव्या यंत्रापुढे गांगरतो, आणि "मला येत नाही" म्हणायला त्याला लाज वाटते.

३) बोलावे कसे

चारचौघांत, पारावर किंवा मोटर जळाल्या जळाल्या बोलू नये. राग उतरल्यावर दोघेच बांधावर बसावे. "तू कामचुकार झालास" म्हटले की माणूस मिटतो. त्यापेक्षा "मंगळवारी रात्री खालच्या तुकड्याचं पाणी ओढ्याला गेलं. तुझ्या हातून असं कधी होत नव्हतं. काय अडचण आहे?" असे विचारावे, आणि मग आपण गप्प बसावे. पहिले उत्तर बहुधा "काय नाही" असेच येते. दोन दिवसांनी पुन्हा विचारावे. कारण काहीही निघाले तरी साल लगेच तोडणार नाही, हा शब्द आधी द्यावा. तो शब्द मिळाल्याशिवाय खरे बाहेर येत नाही.

४) मुदत आणि हिशेब

कारण कळल्यावर काय करायचे ते दोघांनी मिळून ठरवावे. दवाखाना, काही दिवस हलके काम, रात्रीच्या पाण्याला जोडीदार, जे लागेल ते. त्याला महिना-दीड महिन्याची मुदत ठेवावी आणि वहीतल्या नोंदी मधूनमधून त्याला वाचून दाखवाव्यात. सुधारणा दिसली, तर तेही तोंडाने बोलून दाखवावे.

प्रत्येक वेळी शेवट गोड होतो असे नाही. कारण कळूनही, मदत करूनही, मुदत देऊनही काम सुधारत नसेल तर वेगळे होणे भाग पडते. तेव्हा राहिलेला पगार चुकता करून, हिशेब त्याला वाचून दाखवून मोकळे व्हावे. उचल बाकी आहे म्हणून त्याला अडवून ठेवू नये. कर्जापोटी माणसाला सक्तीने कामावर बांधून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी मनाविरुद्ध उभ्या असलेल्या माणसाच्या हातात रात्रीचे पाणी आणि मोटर सोपवण्यात आपलेच नुकसान आहे.

नवा गडी मिळणे आज सोपे राहिलेले नाही. मिळाला, तरी आपल्या रानाचा चढउतार, कोणत्या सरीला पाणी लवकर पोहोचते, मोटर कोणत्या आवाजाला बंद करायची, हे त्याला कळायला एक-दोन हंगाम जातात. जुन्या गड्याच्या डोक्यातले हे ज्ञान सातबाऱ्यावर लिहिलेले नसते.

तेव्हा पाडव्याचा निर्णय घेण्यापूर्वी सभासदांनी पंधरा दिवस वही ठेवावी, एकदा बांधावर बसून विचारावे, आणि गरज वाटल्यास गड्याला स्वतः दवाखान्यात घेऊन जावे, अशी आमची विनंती आहे. ठिबक किंवा फवारणीचे काम गड्याला प्रत्यक्ष शिकवायचे असल्यास गट कार्यालयात तसे सांगावे. आमचे कर्मचारी शेतावर येऊन दाखवतील. त्या वेळी मालकांनीही शेजारी उभे राहावे, म्हणजे दोघांनाही एकच गोष्ट कळेल.