ऊस व गोठ्याचा वायूहिशेब : संगणकाला काय सांगावे?

देवळाली प्रवरा परिसरातील बहुतेक प्रपंच ऊसबिल आणि दुधाच्या पगारावर चालतात. आता कार्बनचे पैसे मिळवून देतो म्हणून मोबाईलमध्ये शेताची माहिती भरून घेणारी मंडळीही बांधावर येऊ लागली आहेत. त्या माहितीतून आकडा कसा निघतो, हे समजल्याशिवाय सही करू नये.

शेतात कोणी वायू मोजत नाही. कूल फार्म टूलसारखी संगणकप्रणाली आपण दिलेल्या नोंदींना ठरावीक गुणकांनी गुणते, एवढेच. हे गुणक बहुधा आंतरसरकारी हवामान बदल मंडळाच्या (आयपीसीसी) मार्गदर्शिकेतून घेतलेले असतात. अन्न व कृषी संघटनेची 'ग्लीम-आय' ही प्रणाली जनावरांसाठी, तर 'एक्स-ॲक्ट' मोठ्या प्रकल्पांसाठी आहे.

उदाहरण पाहू. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी सुमारे १०० किलो नत्र लागते. ते सर्व युरियातून दिल्यास ४५ किलोच्या ५ गोण्या होतात व त्यात १०३.५ किलो नत्र असते. त्यापैकी १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडते असे धरले, तर १.६३ किलो वायू होतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २६५ पट उष्णता धरतो. म्हणजे सुमारे ४३० किलो. युरियातील कर्बाचे आणखी १६५ किलो मिळवावेत. खत कारखान्यात तयार होतानाचा खर्च वेगळाच.

येथेच खरी मेख आहे. २०१९ च्या सुधारित मार्गदर्शिकेत रासायनिक खतासाठी ओल्या हवामानात १.६ टक्के आणि कोरड्या हवामानात ०.५ टक्के असा गुणक दिला आहे. गोण्या त्याच, पण आकडा तिपटीहून अधिक बदलतो! आपला भाग कमी पावसाचा, पण ऊस पाटाच्या व विहिरीच्या पाण्यावरचा. तेव्हा कोणता गुणक धरला, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे.

पाचट जाळण्याची नोंदही लपवू नये. ३ टन वाळलेले पाचट जाळल्यास मिथेन व नायट्रस ऑक्साइड मिळून सुमारे २२५ किलोची भर पडते, शिवाय सेंद्रिय कर्ब जातो तो निराळाच. पाचट सरीत ठेवणाऱ्याने ते कोणत्या वर्षापासून ठेवतो हे सांगावे, कारण पैसे बदलाचे मिळतात, जुन्या चांगल्या सवयीचे सहसा मिळत नाहीत. हे अन्यायाचे वाटते, आणि आहेही.

गोठ्यात २००६ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे भारतीय उपखंडातील दुभत्या गाईला वर्षाला ५८ किलो मिथेन धरतात. २८ पटीने ते सुमारे १,६०० किलो होते. संकरित गाय आणि देशी गाय यांना एकच आकडा लावणारी प्रणाली आपल्या कामाची नाही. गाईचे वजन, दूध व चारा विचारणारी निवडावी. एकूण आकड्याबरोबर लिटरमागे किती, हेही पाहावे.

विजेचा हिशेब मात्र बहुतेकांचा चुकतो, कारण अनेक कृषिपंपांना मीटर नाही. ५ अश्वशक्तीची मोटर ताशी साधारण ४ युनिट घेते. युनिटला ०.७ किलो धरल्यास १५० तासांचे ४२० किलो होतात. म्हणून मोटर चालू-बंद केल्याची वेळ वहीत टिपावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'फुले इरिगेशन शेड्युलर' ॲप वापरून पाण्याची पाळी ठरवल्यास हे तास कमी करता येतात.

गोण्या, मोटरचे तास, डिझेलचे लिटर, पाचट व चारा यांची तारखेनिशी वही आपल्याजवळच ठेवावी. मागणाऱ्यास झेरॉक्स द्यावी.