एका पैची चूक

अश्विन लागला की कडोदऱ्याचे माग आणि छपाईच्या गिरण्या दिवाळीच्या मालासाठी रात्रंदिवस चालतात. खानदेशातून येथे येऊन राहिलेल्या आपल्या कुटुंबांतील कर्ते पुरुष बारा तासांच्या पाळ्या करितात, आणि सायंआरतीस वृद्ध व मुलेच तेवढी उरतात. आम्ही कोणास दोष देत नाही. पोट कोणास चुकले आहे?

या दिवसांत एकनाथ महाराजांची कथा आठवते. देवगिरीस गुरुगृही असता एकदा हिशेबात एक पै जुळेना. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली, असे सांगतात. तेव्हा जनार्दनस्वामी म्हणाले की, हेच चित्त भगवंताकडे लागले तर केवढे कार्य होईल!

कथा सांगताना एक गोष्ट बहुधा सुटते. स्वामींनी वही मिटावयास सांगितले नाही. ते स्वतः किल्लेदार होते. कारभार त्यांनीही टाकला नव्हता. पै ही पैच आहे, एवढीच आठवण त्यांनी दिली.

रात्रपाळीस जाताना गाडी थांबवून देवळाच्या पायरीशी दोन मिनिटे उभे राहणारे काही जण आम्ही रोज पाहतो. पाळीची वेळ त्यांनाही गाठावयाची असते.