सापसुरळी ओळखायला किती खर्च येतो?

कुंडी उचलली आणि खालून चकचकीत, आखूड पायांचं काहीतरी सळसळत गेलं, की घरात ‘साप, साप!’ सुरू होतं. साप नाही, सापसुरळी. विषारीही नाही. पण नेमकी कोणती?

हे कळायला पैसे जवळपास लागतच नाहीत. आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, दोन्ही फुकट. फोटो, तारीख, ठिकाण टाकलं की जाणकार नाव सुचवतात. मोबाइलला चिमट्यानं लावायचं मॅक्रो भिंग काहीशे रुपयांत मिळतं. ते घेऊ नका. त्याला प्राणी अगदी बोटभर अंतरावर लागतो आणि सापसुरळी तेवढं जवळ येऊ देईल तर शपथ! दोन मीटरवरून झूम करा, दहा-बारा फोटो काढा.

एक वरून, एक बाजूनं आणि एक डोक्याचा हवाच. पाठीचे खवले मोठे करून पाहा. युट्रोपिस गटात त्यांवर उभ्या धारा असतात: युट्रोपिस कॅरिनाटाच्या खवल्यावर बहुधा तीन, छोट्या मॅक्युलॅरियाच्या पाच किंवा जास्त. रायोपा पंक्टाटाचं अंग गुळगुळीत, पाय इवलेसे. तिच्या पिल्लाची शेपटी लालभडक, पण नुसत्या लाल रंगावर जाऊ नका. विणीच्या काळात कॅरिनाटाचा नरही कुशीला लाल होतो.

आकारासाठी दहा रुपये गुंतवा. ती पळाली की तिच्याच जागी दहाचं नाणं ठेवून पुन्हा फोटो काढा. नाणं २७ मिलिमीटरचं. मोजमाप झालं, दहा रुपयेही परत.

ठिकाण ‘पुणे’ एवढंच लिहू नका. टेकडी, गवत, ओढ्याकाठचा पाचोळा, सगळं लिहा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो तर चढवूच नका: त्यातली जागेची नोंद गळते आणि खवले पुसट होतात. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. मात्र नावातल्या गावावर विसंबू नका. युट्रोपिस आलापल्लेन्सिसचं वर्णन १९२६मध्ये गडचिरोलीतल्या आलापल्लीवरून झालं, म्हणून ती फक्त तिथेच राहते असं नाही.

एवढं करूनही उत्तर कधी ‘युट्रोपिस’वरच थांबतं. थांबू द्या. धारा मोजायला तिला पकडाल तर शेपटी तुटून हातात येईल. तो खर्च तिच्या माथी.