देणं दे, घेणं सोडू नकोस

नोटीस न भरता नोकरी सोडली की माणूस आपणहून मान खाली घालतो. "मीच अर्ध्यावर सोडून आलो, आता पैसे कोणत्या तोंडानं मागू?" पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पगार खात्यात माझी सगळी नोकरी झाली, आणि हे वाक्य टेबलापलीकडून कितीदा तरी ऐकलं. तेव्हा माझ्या वरिष्ठांनी मला जे शिकवलं तेच तुला सांगतो. नोटीस न भरणं हे करारातलं एक देणं आहे. ते फेडलं की फिटतं. त्यापायी केलेल्या कामाचा पैसा बुडत नाही.

राजीनाम्याआधी कागद जमव. नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, पे-स्लिपा, रजेची शिल्लक, हजेरीचा उतारा हे सगळं स्वतःच्या ईमेलवर घेऊन ठेव. राजीनामा दिला की कित्येक ठिकाणी त्याच संध्याकाळी लॉगिन बंद होतं. घ्यायचे ते फक्त स्वतःचे कागद. कंपनीच्या फायली, गिऱ्हाइकांच्या याद्या यांना हात लावू नकोस. नाहीतर तुझी खरी बाजू कमकुवत होते.

न सांगता गायब होऊ नकोस. घरी आजारपण असो की नवी नोकरी लगेच धरायची असो, दोन ओळींचा राजीनामा पाठवच. त्यात शेवटच्या दिवसाची तारीख लिही, आणि "उरलेल्या नोटिशीचा हिशोब अंतिम देण्यातून करावा" हे वाक्य घाल. साहेब तोंडी म्हणाले, "जा, बघू आपण," तर त्याच दिवशी त्यांना ईमेल कर: आज आपण मला अमुक तारखेला मोकळं करण्याचं मान्य केलंत. जमा रजा नोटिशीत वळती करून मिळते का, तेही लेखी विचार.

वस्तू परत केल्याची पोच घे. लॅपटॉप, ओळखपत्र, सिमकार्ड, किल्ल्या यांची यादी करून त्यावर सही-तारीख घे. कुरिअरनं पाठवलंस तर पावती जपून ठेव. नो ड्यूजचा दाखला अडवायला सगळ्यात सोपी सबब हीच असते.

हिशोब दोन रकान्यांत मांड. एकीकडे घेणं: काम केलेल्या दिवसांचा पगार, जमा रजेचे पैसे, थकलेला प्रवासखर्च, ठरलेला इन्सेंटिव्ह, ग्रॅच्युइटी. दुसरीकडे देणं: नोटीस पे, उचल, कर्जाचा हप्ता. कंपनीचा आकडा येण्याआधी तुझा आकडा तयार हवा.

नोटीस पे कशावर मोजलाय ते बघ. भांडण बहुतेक वेळा इथंच होतं. समज, पूर्ण पगार 48,000, बेसिक 24,000, नोटीस साठ दिवसांची आणि तू वीस दिवस भरलेस. चाळीस दिवस उरले. बेसिकवर धरलं तर दिवसाला 800, म्हणजे 32,000. पूर्ण पगारावर धरलं तर 64,000. कंपनीनं काहीही धरलं तरी नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते पुढं ठेव. शिवाय नोटीस पेवर जीएसटी लावला असेल तर हरकत घे. तो लागत नाही, असा खुलासा केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळानं 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात केलाय.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी वेगळी ठेव. पीएफ खात्यातल्या पैशातून कंपनीला नोटीस पे वळता करता येत नाही. नवी नोकरी लागली असेल तर पैसे काढण्यापेक्षा यूएएनवरून खातं पुढं वर्ग कर. जुनी कंपनी नोकरी सोडल्याची तारीख भरत नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर स्वतः भरता येते. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत सलग पाच वर्षं लागतात. महिन्याच्या वेतनाला 26 नं भागायचं, 15 नं गुणायचं, मग वर्षांनी गुणायचं: 26,000 वेतन आणि सहा वर्षं असतील तर 90,000. ती जप्त करायची कारणं कायद्यात मोजकी आहेत: मालमत्तेचं नुकसान, दंगा-हिंसा, नैतिक अधःपतनाचा गुन्हा, आणि तीही त्यासाठी कामावरून काढलं असेल तरच. नोटीस न भरणं त्या यादीत नाही. तीस दिवसांत ग्रॅच्युइटी मिळाली नाही, तर पुढच्या दिवसांचं व्याज माग.

धमकीला घाबरू नकोस, पण बाँड हलक्यात घेऊ नकोस. तुला परत आणून जबरदस्तीनं कामाला बसवा, असा हुकूम खासगी नोकरीत कोर्ट देत नाही. करार मोडल्याची भरपाई मात्र मागता येते. करार कायद्याच्या कलम 74 नुसार ती वाजवी असावी लागते आणि करारात लिहिलेल्या रकमेच्या वर जात नाही. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्यानं तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली आणि बाँडचे दोन लाख आक्षेप नोंदवून भरले. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बाँड वैध ठरवला. म्हणून सही केलेला बाँड असेल तर आधी वकिलाला दाखव, मगच उत्तर दे.

मागणीचं पत्र लहान ठेव. त्यात राग नको आणि कहाणीही नको. असं लिही: "माझा कर्मचारी क्रमांक अमुक. शेवटचा कामाचा दिवस अमुक. माझ्या हिशोबानं पगार इतका, रजेचे पैसे इतके, नोटीस पे वजा इतका, येणे बाकी इतकी. पंधरा दिवसांत रक्कम खात्यात जमा करावी. कपात केली असल्यास तिचा तपशील व कराराचं कलम कळवावं. अनुभवपत्र, रिलीव्हिंग लेटर आणि फॉर्म 16 द्यावा." ईमेल कर आणि स्पीड पोस्टानंही पाठव. फोनवर झालेलं बोलणं पुढं कुठं दाखवता येत नाही.

डोळे झाकून सही करू नकोस. "फुल अँड फायनल मिळालं, आता माझं काही येणं नाही" अशा कागदावर सही मागतील. आकडा पटला तर कर. नाही पटला तर सहीवर लिही: "रक्कम आक्षेप नोंदवून स्वीकारली, उर्वरित मागणी कायम." ते लिहू देत नसतील, तर तेच वाक्य त्याच दिवशी ईमेलनं पाठव.

पायऱ्या चढत जा. आधी एचआर, मग त्यांचे वरिष्ठ, मग कामगार खातं. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. राजीनामा दिलेल्याचं वेतनही दोन कामाच्या दिवसांत द्यायचं, असं त्यात स्पष्ट आहे. वेतनातली एकूण कपात निम्म्याच्या वर जाऊ नये, अशी मर्यादाही आहे. पूर्वी वेतन प्रदान कायद्याखाली महिना 24,000 पर्यंतच्या पगारदारालाच दाद मागता यायची. संहितेत पगाराची ती अट राहिली नाही. दावा तीन वर्षांच्या आत करायचा. तो तू स्वतः करू शकतोस किंवा तुझी युनियन करू शकते, आणि थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार तिथल्या प्राधिकाऱ्याला आहे. पीएफची तक्रार मात्र पीएफच्या तक्रार पोर्टलवर कर.

आणि हिशोबात तुझंच देणं जास्त निघालं, तर तोंड लपवू नकोस. आकडा तपास, चुकला असेल तर लेखी दुरुस्ती माग, बरोबर असेल तर भर आणि पावतीसोबत रिलीव्हिंग लेटर घे. देणं चोख फेडणाऱ्याला घेणं मागताना आवाज खाली करावा लागत नाही. तुझ्या घामाचे चार हजार असोत की चाळीस हजार, ते घरच्या किराण्याचे, पोरांच्या फीचे पैसे आहेत. आजच बसून ते दोन रकाने भर.